कपाळापर्यंतचा फोटो

आधी केस आले. विरळ, भुरभुरणारे. मग केसांना लावलेली पिवळी क्लिप. मग वरून खाली एकेक पट्टी उतरत कपाळ आलं, आणि भूपालकाका खुर्चीतून अर्धे उठून स्वयंपाकघराकडे तोंड करून गरजले, "अगं ये लवकर, राजुलची लेक यायली बघ!"

पद्माकाकू कणकेचे हात तसेच वर धरून दारात आल्या, आणि मोडेमवरचे लाल दिवे विझले. पडद्यावर कपाळ तेवढं राहिलं. त्याच्याखाली सगळं पांढरं.

"बघितलंस? आलं आलं म्हणेपर्यंत जातंय," काका मला म्हणाले. "डोळ्यांपर्यंत येतच नाही. मग सकाळपासून काय तपासायलास तू?"

मी मोडेमची वायर उगाच काढली आणि उगाच परत लावली. हे मी त्या घरात इतक्या वेळा केलं होतं की वायरलाही त्याचा कंटाळा आला असेल.

ही मिरजेतली गोष्ट, घरातलं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं तेव्हाची. कॉम्प्युटर मोडेम नावाच्या डबीतून फोन लावायचा, डबी आधी किंचाळायची, मग खरखरायची, आणि नशिबात असेल तर जग उघडायचं. तोवर घरातल्या कुणी फोन उचलायचा नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात. मी, इरफान शिकलगार, स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होतो. मालक कॉम्प्युटर विकायचे आणि विकल्यानंतरच्या शिव्या खायला मला पाठवायचे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात. वडील तारा जुळवायचे, मीही तारांचंच काम धरलं, पण माझ्या तारांतून जे निघायचं ते ऐकून वडील कानांवर हात ठेवायचे.

भूपाल मगदूम साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्य यंत्रांच्या गडगडाटात गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं आणि त्याची भरपाई ते बोलण्यात करायचे. ते 'चहा टाक' म्हणाले की शेजारच्या घरातही कुणीतरी आधण ठेवत असेल. त्यांची एकुलती एक मुलगी राजुल लग्न होऊन कॅनडाला गेली ती परत आली नव्हती. कधी कागदपत्रं अडायची, कधी नोकरी, मग बाळंतपण झालं. नात जन्मली तेव्हा पोस्टानं एक फोटो आला होता, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, डोळे गच्च मिटलेले. त्यानंतर जावयानं नवा कॅमेरा घेतला आणि कागदावरचे फोटोच बंद झाले. आता फोटो ई-मेलनं येणार असं कळल्यावर काकांनी आमच्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला. नात आता वर्षाची झाली होती आणि तिच्या आजीआजोबांनी तिचे उघडे डोळे अजून बघितले नव्हते.

कुणी म्हणेल, कॅफेत जाऊन बघायचा फोटो. मीही तसं म्हणालो होतो. काका भडकले. जिथं टवाळ पोरं पडदे लावून बसतात तिथं माझी नात बघू म्हणतोस? पासवर्ड द्या, मी दुकानात उघडून देतो म्हणालो, तर आमच्या आधी नातीच्या फोटोवर परक्याची नजर नको म्हणाले. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, विश्वासही नव्हता. म्हातारा हट्टी होता आणि मला आवडायचा.

मी मोडेम बदलला. मोडेमपासून फोनच्या डबीपर्यंतची वायर बदलली. डबी बदलली. कॉम्प्युटर सगळा पुसून नव्यानं भरला. रविवारी लोक जास्त असतात म्हणून लाइन भरते, असंही एक शास्त्र मी काकांना ऐकवलं, तर सोमवारीही तेच झालं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा माझा कारभार चालला होता. कनेक्शन मुळातच गोगलगाईसारखं हळू होतं, ते एक वेळ समजता आलं असतं. पण ते नेमकं कपाळापाशीच का तुटावं?

रविवारी सकाळी राजुलचा फोन यायचा. एकदा मी तिथेच होतो. काकांनी तब्येत, हवा, जावयाची नोकरी एवढं उरकून रिसीव्हर काकूंकडे दिला, आणि काकूंनी जे प्रश्न विचारले ते ऐकून मला हसू दाबावं लागलं. अजून भाताच्या आधी दही वाटीतनं चाटतेस का? डाव्या कुशीवर झोपलीस की अजून दचकतेस का? पावलं फुटली की कोकम तेल कोण लावतंय? परदेशातून आलेला फोन, एकेक मिनिट मोलाचं, आणि ही बाई दह्याची वाटी विचारत होती. वर प्रत्येक प्रश्नानंतर गप्प राहायची, राजुलला सावकाश बोलू द्यायची. स्वतः हूं की चूं नाही. काका शेजारी चुळबुळत होते. मला वाटलं, बाईमाणूस आहे, जुनी शिक्षिका आहे, अशीच बोलत असेल.

फोन ठेवला, कॉम्प्युटरनं फोन लावला, केस आले, क्लिप आली, काका गरजले, दिवे विझले.

एका दुपारी मी मुद्दाम काका बँकेत गेलेले बघून गेलो. माणूस डोक्यावर बसलेला नसला की डोकं जरा चालतं. पासवर्डाशिवाय नातीचा फोटो उघडता येत नव्हता, म्हणून मी कुठल्याशा पानावरचा मोटारसायकलचा भलामोठा फोटो उघडला. रांगत रांगत तो आला. हँडल आलं, टाकी आली, इंजिन आलं, दोन्ही चाकं आली, चाकांखालचा रस्तासुद्धा आला. एकदाही तुटलं नाही. काका परतल्यावर त्यांना मोठ्या अभिमानानं दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ती मोटारसायकल बराच वेळ पाहिली.

"हिची चाकं येतात," ते म्हणाले, "आणि माझ्या नातीचे डोळे येत नाहीत."

नेहमीसारखे ओरडले असते तर बरं वाटलं असतं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

त्या दिवशी जाताना मी बाहेरून तार बघत गेलो. खांबावरून आलेली तार जिन्याच्या बाजूच्या भिंतीवर उतरली होती. तिथे काळ्या पट्टीनं गुंडाळलेला एक जुनाट जोड होता. जोडातून एक तार खिडकीतून आत गेली होती आणि दुसरी बोगनवेलीच्या मागून वर, पहिल्या मजल्याकडे. मी वेल बाजूला करायला हात घातला तोच खिडकीतून पद्माकाकूंचा आवाज आला. "ती मेलेली तार आहे. तिच्या वाटेला जाऊ नकोस. आत ये, थालीपीठ गरम आहे तोवर खा."

थालीपीठ खाल्लं. पण माझ्या मनात ती तार राहिली.

वर कोण राहतं ते मला मालकांकडून कळलं. वर काकांचे धाकटे भाऊ श्रीपाल आणि त्यांची बायको त्रिशला. दोन्ही घरांत राजुलच्या लग्नापासून अबोला होता. पद्माकाकू पहाटेच्या एसटीनं खेड्यावरच्या शाळेत जायच्या, त्या दिवस कलल्यावर यायच्या. तोवर राजुलला न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं सगळं त्रिशलाकाकूंनी केलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. कॅनडाचं स्थळ आलं तेव्हा श्रीपाल म्हणाले, दादा, इतक्या लांब पोरगी देऊ नका, आमच्या हिला सोसायचं नाही. त्यावर भूपालकाका सगळ्या पाहुण्यांदेखत बोलून गेले, "ज्याला पोर नाही त्यानं पोरीच्या बापाला शिकवू नये."

बोललं ते बोललं. वरचे दोघे जेवत्या पानावरून उठून गेले. लग्न झालं, मुलगी गेली, आणि कन्यादान करून आल्या पावली काकांनी पक्कड आणली. घरात फोन एकच, काकांच्या नावावर, आणि वर नुसतं दुसरं यंत्र जोडलेलं होतं. काकांनी सगळ्या गल्लीसमोर वर जाणारी तार कापली आणि जाहीर केलं की आजपासून वरचा फोन बंद. मिरजेत हे सगळ्यांना माहीत होतं. मालकांनी सांगून वर मला दम दिला की तू मोडेमपुरता राहा, मगदुमांच्या भानगडीत पडू नको.

पण तेवढ्यात काकांनी निर्णय घेतला. टेलिफोनच्या लाइनमनला त्यांनी सोमवारी बोलावलं. खांबापासून थेट कॉम्प्युटरपर्यंत नवी तार ओढायची आणि जुनं सगळं उपटून टाकायचं. मला ते झोंबलं. इतके दिवस मी झटलो आणि यश लाइनमनला मिळणार? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसा मी शनिवारी दुपारी पिशवीत पक्कड आणि माझा तपासायचा फोन टाकून तिथं गेलो. काका मंदिरात गेले होते. मी काळी पट्टी सोडली, वर जाणाऱ्या तारेवर माझा फोन लावला. आत डायलटोन होता. स्वच्छ, भरलेला. तार जिवंत होती.

तारेच्या मागोमाग मी जिना चढलो.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत खिडकीपाशी स्टुलावर जुना काळा फोन होता, त्यावर विणलेला रुमाल. शेजारी लाकडी खुर्ची. खुर्चीवर बसून बसून गादीला खळगा पडला होता. त्रिशलाकाकू आतून आल्या. बारीक अंगाची बाई, पदर डोक्यावरून घेतलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पकडीकडे.

"तोडायला आलायस?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही, लाइन तपासतोय, खाली इंटरनेट हळू आहे म्हणून. त्या खाली बसल्या. मला पाणीसुद्धा विचारायचं त्यांना सुचलं नाही आणि मिरजेत हे घडत नाही.

त्यांचं बोलणं मी काढलं नाही, त्याच बोलल्या. फोनची घंटी त्यांनी पहिल्या दिवसापासून बंद करून ठेवली होती. खाली घंटी वाजली की जमिनीतून ऐकू यायची. मग त्या हलकेच उचलायच्या आणि तोंडावर पदर धरायच्या, श्वास जाऊ नये म्हणून. कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. राजुल दात दुखतो म्हणाली तेव्हा नाही, पोटुशी आहे म्हणाली तेव्हाही नाही.

"हल्ली त्या फोनला काय झालंय?" त्यांनी मला विचारलं. "खाली दादा राजुलचं नाव घेऊन हाक मारतात. मला वाटतंय तिचाच फोन आला, घंटी मला ऐकू आली नसेल. मी उचलते, तर आत नुसतं खरखरतंय. तिकडं बर्फ पडतोय म्हणे, त्यानं होत असेल काय? मी तशीच धरून बसते. खरखर थांबली की ती बोलेल, असं वाटतंय."

माझ्या हातातली पक्कड मला जड झाली. केस, क्लिप, कपाळ, काकांची हाक, आणि मग विझणारे दिवे. मोटारसायकल का आली आणि नात का आली नाही, ते कळलं. मोटारसायकलला हाक मारून कुणी बोलावलं नव्हतं. खालचा माणूस आनंदानं ओरडायचा, वरची बाई आशेनं फोन उचलायची, आणि त्यामुळे फोटो तिथेच तुटायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत मी कितीतरी दिवस मोडेम बदलत बसलो होतो.

मला त्यांना सांगवलं नाही. तुमच्यामुळेच तुमच्या पोरीच्या लेकीचा चेहरा अडलाय, हे त्या खुर्चीसमोर उभं राहून कोण सांगेल? माझा थोरला भाऊ तेव्हा सौदीत, दमामला होता. त्याचा फोन आला की अम्मी तो कानाला लावून नुसतीच बसायची, बोलायचं काम आम्ही करायचो. मला तीच दिसायला लागली. बर्फानंच होत असेल काकू, म्हणालो आणि उतरलो.

जिन्याच्या पायथ्याशी पद्माकाकू उभ्या होत्या.

"भेटलास?" त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, काकू, वरची तार जिवंत आहे. काकांनी कापली ती मग कुठली होती? त्यांनी खिडकीजवळ बोट दाखवलं. तिथे एक तुटकं टोक लोंबत होतं, ते मी रोज बघत होतो. चपटी, तपकिरी तार. टीव्हीच्या जुन्या अँटेनाची. साखरेचा दाणा जिभेवर ठेवून प्रत सांगणाऱ्या माणसानं अँटेनाची तार फोनची म्हणून कापली होती.

"पक्कड घेऊन आले आणि मला विचारलं, कुठली गं फोनची?" काकू म्हणाल्या. "मीच ही हातात दिली."

त्या सावकाश बोलत होत्या, वर्गात अवघड गणित सांगावं तशा. वरचा टीव्ही कितीतरी महिने बंद होता. वरच्यांनी कधी तक्रार केली नाही. त्रिशलाला कळलं होतं की फोन चालू आहे, पण तो चुकून चालू राहिलाय असंच ती समजून आहे. ती उचलते तेव्हा रिसीव्हरमध्ये एक बारीक टक वाजतं. ते वाजेपर्यंत काकू राजुलला हवापाण्याचं विचारायच्या. वाजलं की दही.

"पोरगी मी जन्माला घातली रे. पण भाताच्या आधी दही लागतं, डाव्या कुशीवर दचकते, हे मला कुठं माहीत होतं? मी एसटीत असायची. त्रिशलाला जे विचारायचं असेल ते मी विचारते. काही चुकतही असेल."

मग काकांना सांगत का नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं तर त्यांना तोडायलाच लागेल. चारचौघांत बोललेत. मनात नसलं तरी तोडतील आणि मग रात्रभर कूस बदलत बसतील. माहीत नाही तोवर सगळ्यांचं भागतंय." त्यांनी माझ्या पकडीवर हात ठेवला. "लाइनमनचं तेवढं बघ. तुझं नाव खराब होईल, माहीत आहे मला."

तर त्या रविवारी मी काकांसमोर छाती पुढे काढून उभा राहिलो आणि ठोकून दिलं. बिघाड सापडला, म्हणालो. तारेत काही नाही, बिघाड खोलीत आहे. मोडेम आवाजावर चालतो, तुम्ही ऐकताच. चालू असताना खोलीत कुणी मोठ्यानं बोललं की त्या आवाजात हा आवाज मिसळतो आणि लाइन तुटते. शेवटपर्यंत चिडीचूप राहायचं. एवढं आज करून बघा, फोटो आला नाही तर उद्या खुशाल लाइनमन आणा.

शास्त्र शिकलेला माणूस, आता मला उभा सोलणार असं वाटलं. पण काका विचारात पडले. म्हणाले, पटतंय. कारखान्यात पाकाला दाणा धरायच्या वेळी आम्हीही पॅनपाशी कुणाला बोलू देत नव्हतो. माणसाला पटवून घ्यायचंच असलं की कारण त्याचं तोच शोधतो.

राजुलचा फोन येऊन गेला. काकूंनी दोन प्रश्न हवेचे विचारले, मग थांबल्या, मग अंगाई कुठली म्हणतेस ते विचारलं. राजुलनं म्हणून दाखवली. काकू मान खाली घालून उभ्या राहिल्या. रिसीव्हर त्यांनी कानाला लावलेला नव्हता, खांद्याशी धरला होता. ऐकणारी ऐकत होती.

मग मी कॉम्प्युटरवरून फोन लावला. किंचाळलं, खरखरलं, लागलं. काकांनी फोटो उघडला आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं त्यांनी काकूंना जवळ खेचलं.

केस आले. क्लिप आली. कपाळ आलं. वरून काही आवाज नाही. कपाळ उतरत उतरत भुवयांपाशी आलं, काका दोन्ही हात तोंडावर दाबून मागेपुढे हलायला लागले, आणि डोळे आले. मोठे, काळे, कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघणारे. मग नाक. हसताना दिसणारे खालचे दोन दात. हनुवटी. गळ्याशी झालर असलेला फ्रॉक. खालची कडसुद्धा आली. मी फोटो कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतला आणि काकांच्या खांद्याला हात लावून सांगितलं की आता तुटलं तरी काही जात नाही. काकांनी तोंडावरचे हात काढले नाहीत. त्यांच्या बोटांवरून पाणी मनगटापर्यंत उतरत होतं. इतकं मोठं सुख त्या माणसानं आयुष्यात कधी गप्प राहून सोसलं नसेल.

मला वाटलं, सुटलो. लाइनमन येणार नाही, तार राहील, फोटो आला, सगळ्यांचं भागलं.

पद्माकाकू पडद्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी एकदाच तो चेहरा बघितला होता आणि आता त्या वर, छताकडे बघत होत्या. मला वाटलं, डोळ्यांतलं पाणी सांडू नये म्हणून. पण त्यांनी श्वास घेतला आणि एसटी चुकू नये म्हणून हाक मारावी तशा मोठ्यानं बोलायला लागल्या. एवढा आवाज त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

"राजुलची लेक आली गं! डोळे थेट राजुलचे. तसेच मोठे. खाली दोन दात आलेत. डाव्या गालाला खळी आहे, आपल्या राजुलला होती तिथंच. केस अजून विरळ आहेत, तेल लावायला सांगायला पाहिजे. गुटगुटीत आहे, काळजीचं काही नाही."

पहिल्या वाक्यालाच मोडेमवरचे दिवे विझले.

काकूंनी ते बघितलं आणि तरी थांबल्या नाहीत. कान कसे आहेत, हनुवटी कुणावर गेली, सगळं सांगून झालं तेव्हाच थांबल्या. त्यांना धाप लागली होती. इतके दिवस सांभाळलेलं स्वतःच्या हातानं त्यांनी उधळलं होतं, आणि का उधळलं तेही मला कळत होतं. फोटो खाली आला होता. वर तो कधीच जाणार नव्हता.

काकांनी हात खाली घेतले. त्यांनी विझलेल्या दिव्यांकडे बघितलं. मग बायकोकडे. मग छताकडे. म्हातारा कानानं अधू होता, डोक्यानं नव्हता. कपाळापाशी तुटलेले इतक्या दिवसांचे फोटो त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेलेले मला दिसले.

"मी कापली होती ती तार," ते म्हणाले.

"कापली होतीत," काकू म्हणाल्या.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि तिथेच थांबला. काकांनी पडद्यावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, गालावर, खळी होती तिथं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या लाइनमनला येऊ नको म्हणून सांग. कनेक्शन आहे तसंच राहू दे. हळू तर हळू."

मी हो म्हणालो. पुढे मिरजेत माझं नाव मगदुमांच्या घरी हात टेकलेला मेकॅनिक असंच पडलं, आणि मी ते कधी खोडलं नाही.

काकांनी घसा खाकरला. बोलायचं होतं ते बायकोशी, पण तोंड वर करून, कारखान्यातल्या आवाजात बोलले.

"फ्रॉकचा रंग सांगायचा राहिला की गं. निळा आहे म्हणावं."